ताक, मुरमुरे आणि स्वीडिश

मित्रांनो, शीर्षक वाचून हा मेसच्या मेनूवरचा लेख आहे असे वाटले असेल तर माफ करा. मेसवर आपल्याकडे दरवर्षी पुरेसे लिहिले जाते. हा लेख स्वीडिश भाषेवर आहे. ही भाषा मी शेगावला, हॉस्टेलच्या खोलीत बसून, मोबाईल आणि एका जुन्या लॅपटॉपवर शिकलो. शिकलो म्हणजे शिकतोच आहे. दोन वर्षे झाली, अजून पाच वर्षांच्या मुलीइतकीसुद्धा येत नाही. हे मी गमतीने म्हणत नाही. ती पाच वर्षांची मुलगी खरोखरच आहे आणि दर रविवारी ती माझ्या चुका काढते.

ती माझी भाची. माझी ताई आणि भाऊजी स्वीडनमध्ये राहतात. त्यांच्या गावाचे नाव आपण 'गोटेबोर्ग' असे वाचतो, तिकडचे लोक 'योतेबोर्य' म्हणतात. आमचे घर लोणारला. भाची तीन वर्षांची होईपर्यंत आईशी व्हिडिओ कॉलवर छान मराठी बोलायची, आमच्यासारखी वऱ्हाडी मारायची. मग ती तिकडच्या बालवाडीत जायला लागली आणि सहा-आठ महिन्यांत तिची मराठी पातळ होत गेली. समजायचे सगळे, पण उत्तर यायचे स्वीडिशमध्ये. ताई मध्ये बसून भाषांतर करायची. ताई स्वयंपाकघरात गेली की आई आणि नात नुसत्या एकमेकींकडे बघून हसत बसायच्या.

भाचीच्या वाढदिवसाला आईने फ्रॉक आणि चांदीच्या पट्ट्या पाठवल्या होत्या. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो. कॉल लागला, पोरीने पट्ट्या कॅमेऱ्यासमोर वाजवून दाखवल्या आणि मोठ्याने म्हणाली, "तक्क, मुर्मुर!"

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "पाय बरं, पोरगी ताक अन् मुरमुरे मागून रायली. तिकडं भेटत नसतीन ना मुरमुरे! पार्सल करता येते काय रे?"

ताई पलीकडून हसून हसून लोटपोट. 'तक्क' म्हणजे धन्यवाद. 'मुर्मुर' म्हणजे आजी, म्हणजे आईची आई. आम्हीही हसलो. पण कॉल संपल्यावर आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "आता हे पोरगी मोठी झाली का आपल्याशी बोलनार नाई काय?" मी म्हटले, "बोलेल ना." त्या रात्री मी मोबाईलवर स्वीडिशचा पहिला धडा उघडला. एवढेच कारण. नोकरी, एमएस, परदेश वगैरे काही डोक्यात नव्हते.

आता मुर्मुरपासूनच सुरुवात करू, कारण या शब्दाने मला भाषेची गोडी लावली. स्वीडिशमध्ये 'मूर' म्हणजे आई आणि 'फार' म्हणजे वडील. आईची आई मुर्मुर, आईचे वडील मुर्फार, वडिलांची आई फार्मुर, वडिलांचे वडील फार्फार. म्हणजे आजी कोणत्या बाजूची, हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. पुढे पाहा. आईची बहीण 'मुस्तेर', वडिलांची बहीण 'फास्तेर', आईचा भाऊ 'मुर्ब्रूर', वडिलांचा भाऊ 'फार्ब्रूर'. मावशी, आत्या, मामा, काका! इंग्रजीत या चौघांना मिळून आंट आणि अंकल एवढे दोनच शब्द, आणि आपण इंग्रजी शाळेत शिकताना 'आंट म्हणजे मावशी की आत्या?' म्हणून बाईंना छळलेले असते. इथे सात हजार किलोमीटरवरचे गोरे लोक अगदी आपल्यासारखे नाते मोजतात हे पाहून मला फार बरे वाटले.

फक्त माझी एक अडचण झाली. मी भाचीचा मामा. पण स्वीडिशमध्ये 'मम्मा' म्हणजे आई. "मला मामा म्हण" म्हटले की ती ताईकडे बोट दाखवायची आणि खिदळायची. तिच्या दृष्टीने एक दाढीवाला बाप्या 'मला आई म्हण' असा हट्ट धरत होता. आणखी एक गंमत. स्वीडिशमध्ये काही लागले की 'आय!' असे ओरडतात. आपणही ठेच लागली की 'आई गं!' म्हणतो. त्यामुळे पोरगी पडली की कोणत्या भाषेत रडते ते सांगता येत नाही.

शिकायचे कुठून? बुलडाणा जिल्ह्यात स्वीडिशचा क्लास शोधणे म्हणजे लोणारच्या सरोवरात मासे शोधणे. (बाहेरच्या मित्रांसाठी: आमच्या सरोवराचे पाणी इतके खारट आणि अल्कधर्मी आहे की त्यात मासे जगत नाहीत.) तेव्हा सगळा भार इंटरनेटवर. पहिले म्हणजे डुओलिंगो. फुकट आहे, मजेशीर आहे, पण मराठीतून स्वीडिश शिकायची सोय नाही, इंग्रजीतून शिकावे लागते. त्याने शब्द पाठ होतात, पण व्याकरण का तसे आहे ते कळत नाही. तीन महिने माझे वाक्य 'कासव दूध पिते' याच्या पुढे गेले नाही, आणि भाचीला कासवाशी काही घेणेदेणे नव्हते. दुसरे, स्वेन्स्का इन्स्टिट्यूटेत या स्वीडिश सरकारी संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम. तोही फुकट आहे आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. त्यात संवाद ऐकायला मिळतात, व्याकरण नीट समजावलेले आहे. शब्द अडला की स्टॉकहोमच्या केटीएच या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेला 'फोल्केत्स लेक्सिकोन' हा स्वीडिश-इंग्रजी कोश. फोल्केत्स म्हणजे लोकांचा. शब्दही लोकांनीच सुचवायचे आणि भाषांतर बरोबर की चूक हेही लोकांनीच सांगायचे, अशी त्याची रचना.

थोडे यायला लागले की 'ओत्ता सीदोर' वाचावे. हे सोप्या स्वीडिशमधले वर्तमानपत्र १९८४ पासून निघते. लहान वाक्ये, सोपे शब्द, पण बातम्या खऱ्या आणि मोठ्या माणसांच्या. ज्यांना वाचायला जड जाते त्यांच्यासाठी आणि देशात नव्याने आलेल्यांसाठी ते आहे. नावाचा अर्थ आहे 'आठ पाने'. त्यातला 'ओत्ता' म्हणजे आठ. ओत्ता, आठ, अष्ट... काही आठवले? त्यावर पुढे येतो. स्वीडिश रेडिओवर सोप्या भाषेतल्या बातम्याही असतात. टीव्हीचे कार्यक्रम मात्र पुष्कळसे देशाबाहेर दिसत नाहीत, तेव्हा त्यावर विसंबू नका.

माझा रूम पार्टनर मेकॅनिकलचा आणि मूळचा खामगावचा. त्याचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच, "गूगल ट्रान्सलेट हाये ना बे. कायले डोकं खपवून रायला?" त्याचे अगदीच चूक नाही. पत्र, वेबसाईट, सूचना यासाठी यंत्राचे भाषांतर आता खूप चांगले झाले आहे. मीही वापरतो. पण लहान मूल अर्धे वाक्य बोलते, मध्येच बाहुली दाखवते, मध्येच गाणे म्हणते आणि पळून जाते. तुम्ही मोबाईल तोंडासमोर धरेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत गेलेली असते.

आता उच्चार. स्वीडिश शब्द मी इथे देवनागरीत लिहितो आहे ते अंदाजे समजावेत, कारण काही ध्वनी आपल्याकडे नाहीत. सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे सात या आकड्यातला. लिहिताना एस, जे, यू. म्हणताना साधारण 'ह्वू'. गरम चहावर फुंकर मारत मारत 'खू' म्हणायचा प्रयत्न करा, जवळपास जाल. पहिल्या सेमिस्टरमध्ये मी रात्री अकरानंतर लाइट बंद करून हा सराव करायचो. एके रात्री रेक्टर सर दार वाजवून आत आले आणि त्यांनी आधी खोलीचा वास घेतला. त्यांना वाटले आम्ही काहीतरी ओढतो आहोत! सरांना 'ह्वू' समजावून सांगितला. त्यांनी स्वतः दोनदा म्हणून पाहिला आणि "झोपा आता" म्हणून गेले. (सर हे वाचत असतील तर नमस्कार.) सहाच्या आकड्याचा उच्चार इथे देत नाही. तो हॉस्टेलमध्ये मोठ्याने म्हणण्याजोगा नाही, ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी स्वतः शोधावा.

एक नियम मात्र फार उपयोगी. 'के' आणि 'जी' या अक्षरांपुढे आय, ई, वाय यांसारखे मऊ स्वर आले की उच्चार बदलतो. 'के'चा होतो 'श' आणि 'जी'चा होतो 'य'. म्हणून गोटेबोर्गचे योतेबोर्य. हा नियम कळला की निम्मे वाचन सुधारते.

दुसरी अडचण सुरांची आहे, आणि ती कोणतेही ॲप तुम्हाला नीट सांगत नाही. स्वीडिशमध्ये काही शब्द अक्षराला अक्षर सारखे असतात, पण सूर वेगळा लावला की अर्थ बदलतो. ठरलेले उदाहरण 'आन्देन'. एका सुरात म्हटले तर 'ते बदक', दुसऱ्या सुरात 'तो आत्मा'. मी भाचीला गोष्ट सांगत होतो, तळ्यात बदक पोहत होते म्हणून. ती गंभीर झाली आणि तिने ताईला जाऊन सांगितले की मामाच्या गावच्या तळ्यात भूत आहे. आमच्या लोणारबद्दल आधीच कमी दंतकथा आहेत का!

व्याकरण त्या मानाने सोपे आहे. इंग्रजीपेक्षाही सोपे म्हणेन. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतच नाही. आपण म्हणतो मी आहे, तू आहेस, आम्ही आहोत. ते म्हणतात याग ए, दू ए, वी ए. सगळ्यांना एकच 'ए'. भाची मराठी बोलताना 'आपण आहे, तुम्ही आहे' असे का म्हणते ते मला तेव्हा कळले. ती चूक करत नव्हती, स्वीडिशचा नियम मराठीला लावत होती. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "तू आहे म्हनलं तं काय बिघडलं? आपन बी तसंच म्हनतो." खरेच आहे, वऱ्हाडीत चालते ते.

वाक्यरचनेचा एक नियम कॉम्प्युटरवाल्यांना लगेच पटेल. साध्या वाक्यात क्रियापद नेहमी दुसऱ्या जागी. वाक्य एक ॲरे समजा. शून्य इंडेक्सवर काहीही ठेवा, 'मी' ठेवा, 'आज' ठेवा, 'शाळेत' ठेवा. एक इंडेक्स क्रियापदासाठी राखीव. 'आज जातो मी शाळेत' असे. आपले क्रियापद शेवटी येते, त्यामुळे मराठी माणूस सगळे बोलून झाल्यावर क्रियापद शोधतो, आणि समोरचा मात्र सुरुवातीलाच त्याची वाट पाहत असतो.

आणि प्रत्यय! इंग्रजीत 'द' हा शब्द आधी येतो, स्वीडिशमध्ये तो शब्दाच्या शेपटीला चिकटतो. बील म्हणजे गाडी, बीलेन म्हणजे ती (ठराविक) गाडी. ह्यूस म्हणजे घर, ह्यूसेत म्हणजे ते घर. घराला, घरात, घरून असे म्हणणाऱ्या आपल्या लोकांना शेवटी चिकटण्याचे नवल वाटायला नको. पण कोणाला 'एन' चिकटवायचे आणि कोणाला 'एत', हे पाठच करावे लागते. बहुतेक नामे 'एन'ची आहेत, म्हणून अडले की 'एन' ठोकून द्यावे, हा माझा अनुभवाचा सल्ला. पूर्वी स्वीडिशमध्येही आपल्यासारखी तीन लिंगे होती. पुढे पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकत्र झाले. आपली खुर्ची 'ती' का आणि टेबल 'ते' का, हे आपल्याला तरी कुठे सांगता येते?

मेकॅनिकलच्या मित्रांसाठी एक शब्द फोडून दाखवतो. बेअरिंगवर एसकेएफ ही अक्षरे तुम्ही शेकडो वेळा पाहिली असतील. पूर्ण नाव 'स्वेन्स्का कूललागेरफाब्रीकेन'. स्वेन्स्का म्हणजे स्वीडिश, कूल म्हणजे गोळी, लागेर म्हणजे बेअरिंग, फाब्रीक म्हणजे कारखाना आणि शेवटचे 'एन' म्हणजे तोच तो प्रत्यय. स्वीडिश बॉल बेअरिंग कारखाना, बस्स! १९०७ मध्ये स्वेन विंगक्विस्त या इंजिनिअरच्या सेल्फ-अलाइनिंग बेअरिंगवर ही कंपनी उभी राहिली, आणि आज आपल्या चिंचवडलाही तिचा कारखाना आहे. हे मी रूम पार्टनरला सांगितले तेव्हा पहिल्यांदा त्याने माझ्या वहीत डोके घातले.

मग आम्ही दोघांनी मिळून लॅबमध्ये स्वीडिश माणसे शोधायला सुरुवात केली. हार्डनेस टेस्टचा ब्रिनेल स्वीडिश. मेट्रॉलॉजीतल्या स्लिप गेज ज्याने बनवल्या तो योहान्सन स्वीडिश. फिजिक्समध्ये ए अक्षरावर गोल काढून आपण जे एकक लिहितो ते उप्सालाच्या ओंगस्त्रोम यांचे, आणि तो गोलवाला ए हे साधे स्वीडिश अक्षर आहे. त्याचा उच्चार 'ओ'. टंगस्टन म्हणजे 'तुंग स्तेन', जड दगड. गंमत अशी की खुद्द स्वीडिश लोक त्या धातूला टंगस्टन म्हणत नाहीत, वोल्फ्राम म्हणतात. तापमानाचा सेल्सिअस तर आहेच. त्याने १७४२ मध्ये जे माप मांडले ते उलटे होते, शून्यावर पाणी उकळायचे आणि शंभरावर गोठायचे. ते तसेच राहिले असते तर आपल्याकडचा मे महिना ४५ ऐवजी ५५ अंश भरला असता, आणि जितका आकडा कमी तितकी लाही जास्त!

पुण्याला इंटर्नशिपला गेलो तेव्हा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडीला बसमधून जाताना सँडविक, अल्फा लावल, ॲटलास कॉप्को अशा पाट्या पाहिल्या. तिन्ही स्वीडिश कंपन्या, आणि ॲटलास कॉप्कोच्या पत्त्यात तर 'स्वेआनगर' असा शब्द आहे. स्वेआ हे स्वीडनचे जुने नाव. दापोडीत स्वीडनच्या नावाचे नगर! बसमध्ये शेजारी बसलेल्या काकांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "हो, तिथं माझा मेहुणा होता कामाला." त्यांना त्यात काहीच नवल वाटले नाही.

आता कॉम्प्युटर आणि आयटीच्या मित्रांनो, तुमची पाळी. दुसऱ्या वर्षी मी मेसच्या हिशेबाचा मिनी प्रोजेक्ट केला. मुलांची नावे मराठीत टाकली. सेव्ह केले, पुन्हा उघडले, तर सगळी नावे प्रश्नचिन्हे! ज्याने पैसे दिले नाहीत तोही प्रश्नचिन्ह आणि ज्याने दिले तोही. माझ्या लॅपटॉपवर मायएसक्यूएलचे जुने व्हर्जन होते. सेटिंग पाहिले तर तिथे लिहिलेले, 'लॅटिन१ स्वीडिश सीआय'. मी डोळे चोळले. इथे स्वीडिश काय करते आहे?

तर मायएसक्यूएल मुळात स्वीडनमध्ये जन्मले, १९९५ मध्ये. ते करणाऱ्यांनी डिफॉल्ट म्हणून आपल्या घरची वर्णमाला ठेवली. स्वीडिश वर्णमालेत २९ अक्षरे. गोलवाला ए, दोन टिंबांचा ए आणि दोन टिंबांचा ओ ही तीन अक्षरे झेडच्या नंतर, अगदी शेवटी येतात. नावांची यादी लावताना ती ए किंवा ओ मध्ये घातली तर स्वीडिश माणसाला ती चुकीची वाटते. क्रम लावण्याच्या या नियमाला कोलेशन म्हणतात. आपल्याकडेही हा घोळ आहेच. वर्णमाला म्हणताना क्ष आणि ज्ञ शेवटी, पण बऱ्याच शब्दकोशांत 'क्षमा' शोधायला 'क' मध्येच जावे लागते. लॅटिन१ मध्ये जागा फक्त २५६ चिन्हांची आणि तीही पश्चिम युरोपच्या लिप्यांपुरती. देवनागरीला तिथे खोलीच नाही, म्हणून आमच्या मेसची मुले प्रश्नचिन्हे झाली. २०१८ च्या ८.० व्हर्जनपासून डिफॉल्ट यूटीएफ-८ झाले आहे, तेव्हा नवे व्हर्जन असेल तर हा त्रास होणार नाही. आणि हो, त्यातले 'माय' म्हणजे इंग्रजीतले 'माझे' नव्हे. ते तयार करणाऱ्यांपैकी मिकाएल विडेनियस यांच्या मुलीचे नाव आहे, आणि त्याचा स्वीडिश उच्चार 'म्यू'. विडेनियस फिनलंडचे, पण मातृभाषा स्वीडिश. लिनक्सचे लिनस टोरवाल्ड्ससुद्धा तसेच. फिनलंडमध्येही स्वीडिश ही अधिकृत भाषा आहे.

'ओत्ता'बद्दल राहिलेच. स्वीडिश आणि मराठी या दूरच्या बहिणी आहेत. दोघींचे मूळ इंडो-युरोपीय कुळात. तीन म्हणजे त्रे, आठ म्हणजे ओत्ता, नऊ म्हणजे नीयो. नाव म्हणजे नम्न, दात म्हणजे तन्द (आपला दन्त आठवा), उंदीर म्हणजे म्यूस (आपला मूषक). मला सगळ्यात आवडलेला शब्द 'ऊक', म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू. आपले जू, संस्कृतमधले युग आणि त्यांचे ऊक एकाच मुळातून आलेले. माझ्या वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "त्यायच्याकडं बैल हायेत?" मी म्हटले, पूर्वी होते, आता ट्रॅक्टर. "मंग आपल्यासारखंच," असे म्हणून ते पुन्हा पेपर वाचू लागले.

आकडे मोजायची त्यांची पद्धत मात्र आपल्याहून सोपी आहे. एकवीस म्हणजे 'वीस-एक', बावीस म्हणजे 'वीस-दोन'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात असेच वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मी तेव्हा शाळेत होतो आणि गदारोळ करणाऱ्यांच्या बाजूने होतो. आता भाचीला 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' शिकवताना माझा घाम निघतो.

सर्वांत अवघड गेले ते 'दू'. दू म्हणजे तू. स्वीडनमध्ये सगळ्यांना दू. प्राध्यापकाला, डॉक्टरला, साहेबाला, सगळ्यांना तू आणि तेही पहिल्या नावाने. पूर्वी तसे नव्हते, हुद्दा लावून बोलायची पद्धत होती. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेद हे सरकारी वैद्यकीय मंडळाचे प्रमुख झाले आणि त्यांनी कर्मचाऱ्यांना जाहीर सांगून टाकले की मी तुम्हा सर्वांना दू म्हणणार. हा बदल त्याआधीच सुरू झाला होता, पण नाव त्यांचे लागले. भाची माझ्या वडिलांना "आजोबा, तू कसा आहे?" म्हणाली तेव्हा ताई पलीकडून ओशाळली. वडील काही बोलले नाहीत, पण पुढच्या रविवारी ते स्वतःहून फोनपाशी येऊन बसले. मित्रांनो, हा प्रयोग आपल्या एचओडी सरांवर करू नये.

गेल्या डिसेंबरात ताई आणि भाची लोणारला आल्या. ताई बँकेच्या कामासाठी मेहकरला गेली होती. दुपारी पोरगी एकाएकी रडायला लागली. आधी मराठीत "नको नको" म्हणत होती, मग रडणे वाढले तशी पूर्ण स्वीडिशवर गेली. कान, डोके, मान सगळीकडे हात लावत होती. शेजारच्या काकू जमल्या. कोणी दृष्ट काढा म्हणाले, कोणी पोटात दुखत असेल म्हणून ओवा आणला. ताईचा फोन लागेना. पोरगी एकच वाक्य परत परत म्हणत होती, "या हार उन्त ई ओरात." आई रडकुंडीला येऊन म्हणाली, "हार म्हन्ते, उंट म्हन्ते, काय पायजे माय तुले?"

मी अंगणात कपडे वाळत घालत होतो. आवाज ऐकून आत आलो. 'उन्त' म्हणजे दुखणे. 'ओरा' म्हणजे कान, त्याला 'त' लागला की 'ओरात', आणि 'ई' म्हणजे मध्ये. माझ्या कानात दुखते आहे. साधे सोपे वाक्य, शरीराच्या अवयवांच्या धड्यातले. मी तिच्यासमोर बसलो आणि तिच्या भाषेत विचारले, कोणता कान? तिने रडणे थांबवून डाव्या कानाला हात लावला. मी विचारले, कालपासून का? ती म्हणाली, विमानापासून. चार दिवस झाले होते! पोरीने कोणाला सांगितले नव्हते, की सांगितले होते आणि आम्हाला कळले नव्हते, देव जाणे. गाडीवर बसवून डॉक्टरांकडे नेले. कानात आतून चांगलीच सूज होती. औषध दिले, आणखी दोन दिवस काढले असते तर पू झाला असता असे म्हणाले. परत येताना ती गाडीवर माझ्यापुढे बसून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात माझे 'ओरा' कसे चुकते ते सांगत होती. त्यातला 'ओ' ओठ पुढे काढून म्हणायचा असतो म्हणे.

बरे वाटल्यावर तिला सरोवर दाखवायला नेले. मी सांगितले की हा खड्डा आकाशातून दगड पडून झाला आहे, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद. आणि तुझ्या देशातही असा एक आहे. स्वीडनमध्ये दालार्ना भागात सिल्यान नावाचे तळे आहे. ते अशाच उल्काविवराच्या कडेला आहे, पण ते विवर पन्नास किलोमीटरहून मोठे आणि सुमारे ३८ कोटी वर्षे जुने, इतके झिजलेले की उभे राहून पाहिले तर खड्डा आहे हे कळतच नाही. आमचा लहान, पण जमिनीवरून काठ स्पष्ट दिसतो. तिने दोन्हींमध्ये भूत आहे का ते विचारले. मी बदक म्हणताना आता सूर सांभाळतो.

ताईकडून कळलेली एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण ती मला फार महत्त्वाची वाटली. स्वीडनच्या शाळांमध्ये घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना त्यांची मातृभाषा शिकवायची तरतूद आहे, १९७० च्या दशकापासून. अट अशी की घरात ती भाषा रोज वापरात हवी, मुलाला ती थोडीतरी यायला हवी, त्या नगरपालिकेत तशी निदान पाच मुले हवीत आणि योग्य शिक्षक मिळायला हवा. भाची पुढच्या वर्षी शाळेत जाईल. ताई आणि भाऊजी सध्या गावात मराठी घरे मोजत आहेत. चार मुले झाली आहेत. पाचव्या घरातले आई-वडील म्हणतात, मुलाला आधीच दोन भाषा आहेत, तिसरी कशाला? मला त्यांचेही पटते आणि ताईचेही पटते. भाचीला मराठी थोडीतरी यायला हवी, ही अट पुरी करायचे काम मात्र माझ्याकडे आले आहे. आमचा करार असा की एक रविवार ती मला शिकवते, एक रविवार मी तिला.

आता ज्यांना हा उद्योग पोटापाण्यासाठी करायचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वीडनमध्ये एमएसचे पुष्कळ अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, प्रवेशासाठी स्वीडिश लागत नाही. २०११ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी भरावी लागते, शिष्यवृत्त्या आहेत पण थोड्या. तिकडे राहायला गेल्यावर सरकारतर्फे स्वीडिशचे वर्ग मोफत मिळतात. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत इंग्रजीवर भागते. साईटवरच्या, कारखान्यातल्या किंवा सरकारी कामात भागत नाही असे भाऊजी सांगतात. म्हणजे सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनी आधी सुरुवात करावी.

रोज अर्धा तास पुरे. त्यापेक्षा जास्त करू नका, परीक्षेत माझ्यासारखी एटीकेटी येईल. मोबाईलच्या कीबोर्डमध्ये 'स्वेन्स्का' टाकून घ्या. लॅपटॉपवर ऑल्ट दाबून ०२२९, ०२२८ आणि ०२४६ टाईप केले की ती तीन अक्षरे येतात. वही मात्र कागदाची ठेवा, आणि शब्दासोबत 'एन' की 'एत' ते त्याच वेळी लिहा. मी लिहिले नाही आणि आता पस्तावतो आहे.

यंदाच्या दिवाळीला आईने पार्सलमध्ये खरोखरच मुरमुऱ्यांचा चिवडा पाठवला. पोरीने कॉलवर डबा उघडला, मूठभर तोंडात टाकला आणि म्हणाली, "आजी, तिखट आहेस!" आईने तिची चूक दुरुस्त केली नाही.

कोणाला सुरुवात करायची असेल तर नऊनंतर रूमवर या. माझ्याकडे पहिल्या वीस धड्यांच्या नोट्स आहेत, झेरॉक्स काढून घ्या. रविवारी रात्री साडेआठला मात्र येऊ नका. तेव्हा तिकडे दुपारचे चार वाजलेले असतात आणि माझा तास असतो.